शिवलिंगचा खुबा आणि माझा

लान्स नायक शिवलिंग आणि मी, दोघेही लातूरजवळच्या मुरुडचे. पोस्टिंग एकाच सिग्नल कंपनीत, उत्तरेकडच्या डोंगरात. सकाळी हजेरीचं फॉल-इन, मग लाइन पेट्रोल. तुटलेल्या तारा शोधायच्या, जोडायच्या. त्या दिवशी बर्फावर गाडी घसरली आणि नाल्यात गेली. ड्रायव्हर बाहेर फेकला गेला, वाचला. आम्ही दोघे खाली दबलो. माझा वायरलेस सेट चालू होता.

"गाडी नाल्यात. दोन जखमी. ओव्हर."

"स्ट्रेचर पार्टी निघाली. आउट."

दोघांचाही उजवा खुबा मोडला. मिलिटरी हॉस्पिटलात मेजरसाहेबांनी एक्स-रे उजेडाला धरले. शिवलिंगच्या मांडीच्या हाडाचा गोळा पार चुरला होता. त्याला स्टीलचा बसवला. माझा शाबूत होता, म्हणून धातूची पट्टी आणि स्क्रू.

"तू नशीबवान. तुझं हाड तुझंच राहिलं," मेजरसाहेब मला म्हणाले.

मेडिकल बोर्डानं दोघांनाही घरी पाठवलं. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. पाऊस नव्हता. माझं हाड रक्त न पोचल्यानं आतून वाळत गेलं, पाय आखूड पडला. मी दारात बसून राहायचो. शिवलिंग टँकरवरून दोन घागरी आणायचा, ताठ चालत. एक त्याच्या घरी, एक माझ्या.

"भावजी बघा, कसे चालायलेत," बायको म्हणायची.

ते पाणी मला कडू लागायचं. जिल्ह्याच्या झेंडावंदनाला माजी सैनिकांच्या रांगेत तो सर्वांत पुढे होता, असं ऐकलं. मी गेलो नव्हतो.

वर्षं गेली. स्टीलच्या गोळ्यानं त्याच्या खुब्याची खोबण झिजवली. तो काठीवर आला. त्याच सुमारास नांदेडला माझं ऑपरेशन झालं. टायटॅनियमचा दांडा, वर सिरॅमिकचा गोळा. दांडा मुद्दाम खरबरीत. हाड त्याला धरून वाढतं.

"पुढं पेशंटच्याच पेशींतून हाड वाढवतील," तिथले तरुण डॉक्टर म्हणाले.

शिवलिंगचं हृदय थकलं होतं. त्याला त्यांनी ऑपरेशन नाकारलं.

मी त्याच्याकडे चालत गेलो.

"लई भारी माल बसवला की रं तुला. चालून दाखव."

मी अंगणात चक्कर मारली. दुसरी सुरू केली.

"बस कर," तो म्हणाला आणि तोंड फिरवलं. मला बरं वाटलं.

त्या उन्हाळ्यात तो गेला. लिंगायतांच्या रीतीनं त्याला समाधीच्या खड्ड्यात मांडी घालून बसवलं. डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही मांडी घालायची मनाई केली होती. इतकी वर्षं तो पंगतीत कधी बसला नाही, खुर्चीवर ताट घ्यायचा. आता कपाळाला भस्म लावून निवांत बसला होता. लोक माती द्यायला वाकले. मी उभ्यानं सॅल्यूट केला. तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटत होता.