मालतीताईंचे गुडघे

सांगलीहून इंदूरला सांवेर रोडवरच्या कारखान्यात नोकरीला आलो आणि सुदामा नगरात वरच्या मजल्यावर खोली घेतली. पहिल्याच रविवारी खालच्या दारातून हाक आली, "अहो भिया, रिकामे दिसताय. ही सतरंजी जरा गच्चीत न्या!" मालतीताईंशी माझा परिचय झाला तो असा. ती सतरंजी आजवर काही खाली ठेवता आलेली नाही.

पाकिस्तानातल्या सिंधमधून घरदार सोडून इंदूरला आलेली मुले-मुली त्या सतरंजीवर बसत. शाळेतून निवृत्त झालेल्या ताई त्यांना देवनागरी शिकवीत. "तिकडे काय झालं?" असे विचारायची मात्र सक्त मनाई. एकदा एक पाहुणे एका मुलाला खोदखोदून विचारू लागले, तेव्हा ताई म्हणाल्या, "साहेब, बोलायचं तेव्हा बोलेल तो. तुम्ही पोहे घ्या, गार होतायत."

त्यांच्यातलीच रेशमा मात्र गच्चीवर येईचना. सोळा वर्षांची पोर, जिवापाड प्रेम करणारी नानी तिकडेच राहिलेली. खोलीबाहेर पाऊल नाही, धड जेवण नाही, एकच धोशा: मला परत पाठवा. शेवटी वडील हरले. "भेज देते हैं," म्हणाले. एकदा गेली की पुन्हा येता येईल याची शाश्वती नव्हती. आई रडून अर्धी झाली होती.

ताईंनी उपदेशाचा शब्द काढला नाही. तिच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बेटा, माझे घुटने फार दुखतात गं. बगीच्यापर्यंत हात धरून नेशील? अकेली गेले तर पडेन." रेशमा निघाली. दुसऱ्या दिवशीही निघाली. हळूहळू बागेत नानीच्या गोष्टी निघू लागल्या, कोणी न विचारता. मग ती गच्चीवर आली, मग शाळेत. परत जाण्याचा विषय घरात निघेनासा झाला.

गंमत म्हणजे, ताईंचे गुडघे तेव्हा ठणठणीत होते! आम्ही मंडळींनी हे गुपित कसोशीने जपले. या लेखासाठी रेशमाला भेटलो, तर ती आपल्या इंदुरी मराठीत हसत म्हणाली, "भैया, मला तर पहिल्या हफ्त्यातच पता होतं. आंटीजी सिटी बसच्या मागे काय पळाल्या होत्या! पण मी चूप राहिले. सगळे विचारायचे, तुला काय पाहिजे. त्या एकट्या म्हणाल्या, मला तू पाहिजेस."



आज पंच्याहत्तरीत ताईंचे गुडघे खरोखरच दुखतात. रेशमा फिजिओथेरपी शिकते आहे. संध्याकाळी ती व्यायामाला बसवते, तेव्हा ताई कुरकुरतात, "मला काही दुखत नाही हं!" हेही खोटे ती मुकाट्याने ऐकून घेते आणि हात धरते.

ताई, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, आणि गुडघे वगळता बाकी सारे असेच ठणठणीत राहो. गेल्या आठवड्यात गच्चीवर एक नवी मुलगी आली आहे, अजून कोणाशी बोलत नाही. उद्या बागेत जाताना तिचा हात मागा. या खेपेस खोटे बोलावे लागणार नाही.