विमान उतरेपर्यंत

विमान हवेत असेपर्यंत मिस्त्री कधी खाली बसले नाहीत. यवतमाळच्या धावपट्टीवर मी दीड वर्ष विमान चालवायला शिकले, तेवढ्या काळात एकदाही नाही. चहा उभ्याने, डबा उभ्याने, फोनवर घरच्यांशी वाद घालायचा तोही उभ्याने. हँगरच्या दक्षिण कोपऱ्यात पत्र्याची सावली पडायची, तिथे ते एक कान आभाळाकडे करून उभे असत. शेजारी चांगली लोखंडी खुर्ची होती. तिच्यावर ते आपली टोपी ठेवत.

"बसा ना मिस्त्री," असं प्रत्येक नवा विद्यार्थी एकदा तरी म्हणायचा. त्याला ठरलेलं उत्तर मिळायचं, "वरतं इंजिन एकच हाय बापा. कसा बसू?" आम्ही मागे हसायचो. विशीतल्या माणसाला दुसऱ्याची काळजी ही गंमतच वाटते. मला तर रागही यायचा. हा माणूस असा उभा दिसला की उगाच वाटायचं, आज काहीतरी बिघडणार, आणि असं मनात घेऊन विमान चालवता येत नाही.

मिस्त्री महागावकडच्या तांड्यातले. आधी डिझेल पंप आणि जीपगाड्या दुरुस्त करायचे, मग आमच्या छोट्या फ्लाइंग स्कूलमध्ये हँगरवर लागले. कागदावर सही करणारे इंजिनियर साहेब वेगळे होते. हात काळे करणारे मिस्त्री. मी महागावचीच, बाजारात आमचं बी-बियाण्यांचं दुकान. हे कळल्यापासून ते मला 'याडी' म्हणू लागले. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. चाळिशी उलटलेल्या माणसाने आपल्याला आई म्हणावं याचं मला तेव्हा हसू यायचं, आज येत नाही.

आमच्याकडे दोन विमानं होती, दोन्ही एका इंजिनाची. जुन्याचे पंख डोक्यावर होते, नव्याचे बुडाखाली. नव्यात काट्यांच्या घड्याळांऐवजी दोन चकचकीत स्क्रीन, आणि पाठीत अख्खं विमान पेलणारं पॅराशूट. आम्ही सगळे नव्यावर लट्टू. मिस्त्री मात्र दोघांकडे सारख्याच संशयाने बघत. नव्याच्या पॅराशूटचं कौतुक चाललं की म्हणायचे, "छत्री मोठी हाय, मान्य. पन धावपट्टी सोडल्यावर दोनशे फुटावर इंजिन गेलं तं ते उघडाले जागा कुठं हाय?" मे महिन्यात नवं विमान उतरून एकदा बंद केलं की पुन्हा सुरू व्हायला रडायचं, कारण त्या उन्हात नळीतल्या पेट्रोलचीच वाफ व्हायची. मिस्त्री इंजिनावरचं झाकण उघडून ठेवत आणि वीस मिनिटं त्याला वारा खाऊ देत. आम्ही पाय आपटत उभे.

जुन्याची तारीफही त्यांनी मोजूनमापूनच केली. "टाकी पंखात, पंख डोक्यावर. गच्चीवरचं पानी नळाले येते तसं पेट्रोल आपोआप खाली येते, पंप मेला तरी येते. एका सिलिंडरले दोन प्लग. ठिणगी देनारे म्याग्नेटो बी दोन. ब्याटरी पार मेली तरी इंजिन चालून राह्यते. ज्यानं बनवलं ना, त्याले बी माह्यासारखी झोप येत नसन." एवढं बोलून झालं, की लगेच सूचना सुरू. पेट्रोलचा काटा खोटं बोलतो म्हणून टाकीत लाकडी काडी बुडवून बघायची. रोज सकाळी पंखाखालून पेट्रोल काचेच्या पेल्यात काढायचं, उजेडात धरायचं आणि पाण्याचा थेंब शोधायचा. आणि ती दांडी.

ती दांडी म्हणजे जुन्या विमानाच्या पुढच्या फळीवरची एक साधी खेचायची मूठ. जुन्या इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर होता. हवेत ओल असली आणि इंजिन हळू ठेवून खाली येत असलो, की त्याच्या घशात बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. ती मूठ ओढली की गरम हवा आत जाते आणि बर्फ वितळतो. नव्यात कार्ब्युरेटरच नव्हता, त्यामुळे मूठही नव्हती. "यवतमाळात बर्फ?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या. मिस्त्री हसले नाहीत. "हो, इथंच. श्रावणातच. आन आयक, दांडी ओढली की इंजिन आधी आजून खराब चालते. बर्फाचं पानी होऊन पोटात जाते त्याच्या. पोट्टे घाबरतात आन दांडी परत ढकलतात. तू ढकलजो नको. खराब चालू दे."

मिस्त्रींची सगळ्यात अजब गोष्ट म्हणजे हँगरमधला फळा. त्यावर त्यांनी धावपट्टीच्या चारी बाजूंची शेतं खडूने काढलेली होती. दर सोमवारी ते मोटरसायकलवर बांधाबांधाने फिरत आणि परत येऊन फळा पुसून नवा करत. कुठे कपाशीची पऱ्हाटी छातीएवढी झाली, कुठे तूर आहे, कुठे नवी विहीर खोदली, कुठून विजेची तार गेली. विमानाचं इंजिन बंद पडलं तर आम्ही कुठे उतरायचं, त्याचा हा नकाशा. विमानाकडे बोट दाखवून ते म्हणत, "हे जनावर उलसंक हाय, हलकं हाय, वारा आला की हालते, हा त्याचा दोष. पन हळू उतरते, हा गुन हाय. शंभर-दीडशे पावलं सपाट भेटली तरी मानूस वाचते." पावसाळ्यात काळी जमीन ते लाल खडूने खोडून टाकत, कारण चिखलात पुढचं चाक रुततं आणि विमान उलटतं. मुरमाड पडीत जमीन, जिला आमच्याकडे बरड म्हणतात, तेवढी पांढरी ठेवत. आमचे शिकवणारे सर फळ्याची थट्टा करायचे, पण उड्डाणाआधी बघून जायचे.

श्रावणातला तो दिवस. पाऊस थांबला होता, हवा अंगाला चिकटत होती. नव्या विमानाचा एक सुटा भाग यायचा होता, ते बंद होतं, म्हणून सरांनी मला एकटीला जुनं घेऊन जायला सांगितलं. गेले दोन महिने मी फक्त नव्यावर होते. मी पट्टा बांधत होते तेवढ्यात मिस्त्री खिडकीशी आले, आत हात घालून त्या मुठीवर बोट टेकवलं. "इसरू नको याडी."

"किती वेळा सांगाल मिस्त्री!" मी चिडून म्हणाले. ते मागे सरले आणि जाऊन आपल्या कोपऱ्यात उभे राहिले.

आणि मी विसरलेच. अडीच हजार फुटांवर वळणांचा सराव झाला, इंजिन हळू केलं आणि खाली यायला लागले. दोन महिन्यांत हाताला त्या मुठीची सवयच राहिली नव्हती. थोड्या वेळाने पुन्हा जोर द्यायला गेले तर इंजिन उठेना. फेऱ्यांचा काटा खाली खाली जात होता. मी पेट्रोल बघितलं, मॅग्नेटोची चावी बघितली, आणि मग एकदम ते बोट आठवलं. मूठ ओढली. इंजिन असं खोकलं, असं थरथरलं, की माझे दात वाजले. चूक केली, मेलो आपण, असं वाटून माझा हात मूठ ढकलायला गेलाही. 'खराब चालू दे.' मी हात काढून मांडीखाली दाबून धरला. दुसऱ्या हाताने विमानाचं नाक फळ्यावरच्या पांढऱ्या तुकड्याकडे वळवलं. ओढ्यापलीकडची बरड, लिंबाच्या डाव्या अंगाला. ती समोर मोठी मोठी होत होती. मला आईचा चेहराही आठवेना, फक्त ती जमीन दिसत होती. मग एक आचका बसला आणि इंजिन मोकळं झालं.

उतरले तेव्हा मिस्त्री धावपट्टीच्या कडेला येऊन थांबले होते. त्यांनी दुरूनच आवाज ऐकला असावा. पंखा थांबला आणि ते पहिल्यांदाच माझ्या देखत असे खाली बसले, ओल्या गवतात, फतकल मारून. "ढकलली नाई ना?" एवढंच विचारलं. मी मान हलवली आणि रडले.

संध्याकाळी ते मोटरसायकल काढून मी सांगितलेली ती बरड बघायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हँगरमध्ये आले तेव्हा चेहरा पार उतरलेला. रानडुकरांसाठी त्या जमिनीभोवती आणि मधूनही नवे सिमेंटचे खांब रोवून तार ओढली होती. चार दिवसांपूर्वीच. "सोमवारी मी गेलतोच नाई," मिस्त्री म्हणाले. तांड्यात तीज होती. मुली टोपल्यांत गव्हाचे अंकुर वाढवतात, नाचतात, गातात, शेवटी त्या टोपल्यांचं विसर्जन होतं. त्यांच्या धाकटीची ती लग्नाआधीची शेवटची तीज. ती म्हणाली बाबा थांबा, आणि बाबा थांबले. "पोरीच्या नाचापाई मी तुले खांबात घातलं असतं याडी."

"अहो, काही झालं का मला? आणि विसरले तर मी!"

"तू लेकरू हाय. माहं कामच ते हाय."

मी परोपरीने समजावलं, सरांनी समजावलं. उपयोग शून्य. त्या दिवसापासून ते रोज फिरू लागले, पावसातसुद्धा. फळ्यावरची ती बरड लाल झाली आणि आजूबाजूची जमीन कितीही चांगली असली तरी तिथला एकही तुकडा त्यांनी पुन्हा पांढरा केला नाही.

पुढे मला नोकरी लागली, मोठ्या प्रवासी विमानावर. निरोप घ्यायला गेले तर मिस्त्रींनी पेढा हातात धरून ठेवला आणि विचारलं, "इंजिनं किती?"

"दोन."

"एक गेलं तं?"

"दुसऱ्यावर आरामात उतरतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग आता मी बसतो," ते म्हणाले आणि पेढा खाल्ला. मला इतकं हलकं वाटलं. तरी मी त्यांच्या फोनवर निघताना 'निघाले' आणि पोचल्यावर 'उतरले' असा मेसेज टाकायची. घरच्यांना टाकायचीच, त्यात त्यांना एक. उत्तर कधी यायचं नाही. पुढे पुढे मी ते सवयीने करू लागले, आणि सवयीने केलेलं राहूनही जातं.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. हृदयाचं दुखणं होतं, मला कोणी कळवलं नव्हतं. मी तांड्यावर गेले तेव्हा महिना उलटला होता. त्यांच्या बायकोने, काकूंनी, मला ओळखलं. घरात त्यांचा फोन चार्जिंगला लावून ठेवलेला होता. कशाला, ते मी विचारलं नाही.

"आता तरी आराम होता ना त्यांना?" मी म्हणाले. "मला म्हणाले होते, आता मी बसतो."

काकू म्हणाल्या, "तुमाले असं सांगतलं होय? कायचे बसतात! तुमचा 'निघाले' आला की अंगनात हुबे. 'उतरले' आला की मंग जेवन."

त्या सांगत राहिल्या. "एकडाव पोळ्याच्या आधी नाई आला तुमचा मेसेज. दुपारपासून दिवे लागणीपस्तोर हुबेच. पायावर सूज आलती. मी म्हनलं फोन करून इचारा, तं म्हने नको. पोरगी घाबरन, तिले वाटन काही इसरलं का काय."

तो दिवस मला आठवत होता. दुपारी उतरले होते, मैत्रिणी भेटल्या होत्या, जेवायला गेलो होतो. मिस्त्रींना दिवे लागल्यावर कधीतरी मेसेज केला होता, हॉटेलातून, एका हाताने.

अंगणात एक जागा होती, गोठ्याच्या भिंतीशी, तिथून पश्चिमेचं आभाळ मोकळं दिसत होतं. तिथली माती पायांनी चोपून गुळगुळीत झालेली होती. मी जाऊन तिथे उभी राहिले. काकूंनी बाज ओढून पुढे केली. "बसा नं बाई, कवाच्या हुब्या हाय," त्या म्हणाल्या. मला बसवेना.