माठाखालची वीट

माझ्या सासूबाई सरुबाई भांडकुदळ नाहीत, आळशी नाहीत, कंजूष तर अजिबातच नाहीत. त्यांना एकच दुखणं आहे आणि ते आमच्यापासून तीन घरं सोडून राहतं. त्यांची थोरली जाऊ, केवळाबाई.

केवळाबाईंनी दारात शेवगा लावला की आमच्याही दारात शेवगा. त्यांनी चष्मा बदलला की आमच्या आत्यांना कमी दिसायला लागतं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. एवढ्यावर भागलं असतं, पण तीन वर्षांपूर्वी केवळाबाई रेल्वेनं बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करून आल्या. बोधिवृक्षाचं पान त्यांनी काचेत मढवून भिंतीला लावलं. आवाज खणखणीत, म्हणून बेंबळीच्या विहारात दर पौर्णिमेला पंचशील सांगायचा मान आधीच त्यांचा होता. आता त्यानंतर गयेच्या गोष्टीही त्यांच्याच. बाया माना डोलावत ऐकायच्या. आत्या मागं भिंतीला टेकून बसायच्या आणि घरी येऊन भांडी आपटायच्या.

"गयेपतूर गेली. माझ्या म्हायेरी एकदा तरी आली का? माझं लगीन हितं बेंबळीत झालं, तवापसून चाळीस वरसं, तेरला तिचा पाय लागला न्हाय."

तेर म्हणजे आत्यांचं माहेर, तेरणा नदीच्या काठचं. अश्विन पौर्णिमेला केवळाबाई सारनाथचा स्तूप चौथ्यांदा सांगत होत्या, तेव्हा आत्यांनी भिंत सोडली.

"आमच्या तेरलाबी स्तूप हाय. लई जुना. आन् तिथली वीट पाण्यावर तरंगती. हाय का गयेला तसली?"

"सरू, वीट कवा तरंगती व्हय गं?" केवळाबाई हसल्या. मग सगळ्याच हसल्या. पण रविवारची जीप ठरली.

आठ दिवस आत्यांच्या पायाला भिंगरी. लहानपणी नदीत सोडून खेळलेली एक वीट त्यांनी लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्या माठाखाली ठेवली होती, कुणी फेकू नये म्हणून. भावाला, राजपालमामांना, रोज फोन. "माठ हलवू नगं. म्या सवता काढते."

तेरला स्तूपाच्या जागेवर गवत माजलं होतं. केवळाबाईंनी मनापासून हात जोडले आणि मग म्हणाल्या, "सारनाथचा लई उंच हाय. बघून बघून मान दुखती." त्रिविक्रमाच्या देवळाची पाठ गोल आहे, ते पूर्वी चैत्य होतं असं जाणकार म्हणतात. हे सांगायला आत्यांनी तोंड उघडलं, तोवर चैत्य म्हणजे काय हे केवळाबाईंनी सांगूनही टाकलं. बाया त्यांच्याच मागं. वस्तुसंग्रहालयातही तेच. ज्या गल्ल्यांत आत्या फ्रॉक घालून हिंडल्या, तिथं त्या सगळ्यांच्या शेवटी चालत होत्या. चेहरा काळाठिक्कर. पण काखेत पिशवी होती आणि पिशवीत माठाखालून काढलेली वीट.

नदीवर सगळ्या जणी काठाला उभ्या राहिल्या. आत्या गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि दोन्ही हातांनी वीट अलगद सोडली.

वीट बुडाली.

आत्यांनी चाचपडून ती वर काढली, पुन्हा सोडली. पुन्हा तळाला. कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्या वाकलेल्याच राहिल्या. त्यांना वर बघवेना आणि मला त्यांच्याकडं बघवेना.

"हसताय काय गं?" केवळाबाई गरजल्या. "सरूला बघायला आलतो तवा म्या माझ्या डोळ्यानं बघितली तरंगताना. ह्याच काठावर. जुनी वस्तू हाय ती, दर टायमाला तरंगंल व्हय?"

हसणं थांबलं. केवळाबाई म्हणतात म्हणजे असेलच. एकीनं तर विटेचा फोटोही काढला. पण केवळाबाई त्या दिवशी पहिल्यांदाच तेरला आल्या होत्या, हे आत्यांना आणि मला माहीत होतं.

मला वाटलं, आता तरी आत्या विरघळतील. कसचं काय! घरी येऊन त्यांनी ओली वीट पत्र्यावर भिरकावली. "खोटं बोलायला मला तोंड न्हवतं का? चांगुलपणाबी तिनंच करायचा! म्या काय करायचं मग?"

कार्तिक पौर्णिमेला केवळाबाई पंचशील सांगायला बसल्या. तीन शीलं झाली. चौथं, खोटं न बोलण्याचं, त्याच्या तोंडाशी त्यांचा आवाज थांबला. त्या खोकल्या, पाणी मागितलं आणि शेजारच्या संघप्रियाला म्हणाल्या, "पोरी, तू सांग फुडं." घसा बसला असेल, असं बाया म्हणाल्या.

दुष्मनाचा मान गेला, आज भांडी आपटणार नाहीत, असं मी धरून चालले. आत्या जेवल्याच नाहीत.

"घसा न्हाय बसला तिचा," एवढंच म्हणाल्या.

सकाळी त्यांनी मला पत्र्यावरून वीट काढायला लावली. तीन आठवडे उन्हात पडून ती हाताला हलकी लागत होती. बादलीत सोडली आणि पाटासारखी वर राहिली. आत्या कपाळाला हात लावून बसल्या. "चाळीस वरसं माठाचं पाणी पाजलं की गं म्याच तिला!"

आता गाव गोळा करतील म्हणून मी पदर खोचला. पण आत्यांनी वीट उचलली, मला बादली घ्यायला लावली आणि आम्ही तीन घरं ओलांडून गेलो. केवळाबाई ज्वारी निवडत होत्या.

"आक्का, हिकडं बघा."

केवळाबाईंनी वीट बोटानं दाबली. ती खाली जाऊन परत वर आली. त्यांनी पुन्हा दाबली.

"बघितली का?"

"बघितली."

"आदी सांगितली, मागनं बघितली. तेवढंच मागंफुडं झालं. आता पुनवेला घसा बसवू नगा."

डोळ्याला पदर लावून केवळाबाईंनी आमच्यासाठी चहा टाकला. आत्या तो साखर जास्त झाली म्हणत प्यायल्या.

मार्गशीर्ष पौर्णिमेला केवळाबाईंचं चौथं शील रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. आवाज पहिल्यापेक्षा खुलला, असं बाया एकमेकींना म्हणाल्या. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझा हात त्यांनी चिमटा काढल्यासारखा धरला.

"म्याच दिला तिचा आवाज तिला परत," त्या कानात म्हणाल्या. "आन् तरीबी जळतंय गं, प्रीती. लई जळतंय."

मग डोळे पुसले आणि पाचवं शील केवळाबाईंच्या मागून मोठ्यानं म्हटलं.