हॉलमधल्या समुद्राची माहेरवाशीण

आमच्या हॉलमध्ये समुद्र आहे. थट्टा नाही. हडपसरच्या फ्लॅटमध्ये, जिथे पूर्वी टीव्ही होता तिथे काचेची भलीमोठी पेटी आहे. तिच्यात खारं पाणी, खडक, पोवळी आणि रंगीत मासे. हा उद्योग सूनबाईचा. ती चंद्रपूरकडची, लग्नाआधी तिने समुद्र बघितलाच नव्हता. दिवसभर कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसते आणि घरी आली की बादलीत मिठाची पुडी कालवून समुद्र तयार करते. मी चौथी शिकलेला, जन्म मेथी-कोथिंबिरीत गेलेला. आमच्या वाफ्यांवरच ही बिल्डिंग उभी आहे. मला वाटलं, शेतात घरं झाली, घरात समुद्र झाला, आता ढगात म्हशी बांधायच्या तेवढ्या राहिल्या.

बायको मात्र खूश. ती कोकणातली, खाडीकाठची. पाट टाकून पेटीसमोर बसायची. एक दिवस म्हणाली, "अगं, तुझ्या समुद्राला काठच नाही. नुसतं पाणी म्हणजे का समुद्र?"

मग माहेरी गेली ती कांदळाच्या शेंगा घेऊनच आली. कांदळ म्हणजे खाडीच्या चिखलात, खाऱ्या पाण्यावर जगणारं झाड. त्याच्या लांबलचक शेंगा गळून पाण्यावर तरंगत काठाला लागतात. तसल्या तीन तिने उचलल्या, ओल्या लुगड्यात गुंडाळल्या आणि एसटीत मांडीवर घेऊन बसली. लेकरू घेऊन बसावं तशी. सूनबाईने त्या पेटीच्या मागच्या कप्प्यात उभ्या केल्या. खाली मुळं फुटली, वर पानं आली. बुडबुड्यांचं पाणी उडून पानांवर मीठ धरायचं. म्हणून रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की तांब्यात उरलेल्या गोड्या पाण्याने बायको ती पानं धुवायची. "माझ्या माहेरवाशिणी," म्हणायची.

मागच्या वर्षी ती गेली. त्यावर जास्त लिहिणार नाही, मला लिहिता येत नाही. पानं मी धुवायला लागलो. तिचं असं जिवंत एवढंच उरलं होतं.

आणि पावसाळा सरता सरता पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं. पोवळ्यांचीही वाढ थांबली. सूनबाईने काचेच्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, रंग बघितला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, मॅग्नेशियम उतरलंय."

"ते काय असतं?"

"पाण्यातलं सत्त्व म्हणा न. ते कमी पडलं की पोवळ्यांचं हाड वाढत नाही, पानात हिरवा रंग राहत नाही. पेटीवाल्यांच्या ग्रुपवर सांगतात, कांदळच खातो ते. झाडं काढून बाल्कनीत बादलीत ठेवू."

"बादलीत जगतील?"

"बघू."

पुण्यात 'बघू' म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. मी म्हटलं, "सरळ सांग की, सासूला घराबाहेर काढते."

"काहून असं बोलता, बाबा?" म्हणाली आणि आत गेली. माझी जीभ अशीच. बायको असती तर तिथल्या तिथे झापलं असतं.

थोड्या वेळाने सूनबाई बाहेर आली. हातात ताट. ताटात तांदूळ, नारळ, हळदकुंकू, हिरवा खण. डोळे पुसलेले. म्हणाली, "माहेरवाशीण रिकामी जाणार नाही. आईंनीच शिकवलंय मला."

बायको सवाशीण गेली, तेव्हाही ओटी हिनेच भरली होती. त्या दिवशी मी तोंड फिरवलं होतं. या वेळी बघितलं. तिने तिन्ही झाडांना कुंकू लावलं, खण गुंडाळला, त्यावर तांदूळ घातले. मग खोडाला धरून ओढलं.

झाड हलेना. मुळांनी कप्प्याची जाळी गच्च धरलेली.

"हो बाजूला," म्हणत मी पुढे झालो. "काय खाऊ घातलंस गं हिला?"

"मॅग्नेशियम!"

मी जोर लावला तशी जाळी कडकडली, पाणी उसळलं, माझा लेंगा भिजला आणि ओटीचे तांदूळ उडून पुढच्या पाण्यात पडले. नारंगी मासा वर आला. एक दाणा तोंडात घेतला आणि थू करून टाकला. सूनबाई फरशीवर बसून हसायला लागली, थांबेचना. मलाही हसू आवरेना. बायको गेल्यापासून त्या घरात आम्ही दोघं एकदम हसलो नव्हतो.

"आई जात नाहीत, बाबा."

"ती कधी एका हाकेत निघाली होती? उंबऱ्यात उभी राहून निम्म्या गावाशी बोलून घ्यायची." मग मी विचारलं, "पाहुणीला जेवण पुरलं नाही, तर पाहुणीला घालवतात की भात जास्त टाकतात?"

तिने जरा विचार केला. "तसं बघितलं तर जास्त खातात ती पोवळीच. या तीन काड्या किती खाणार?"

"आणि आळ माहेरवाशिणीवर!"

"मॅग्नेशियम मी आठवड्याला एकदा घालत होते. आता रोज थोडं थोडं घालू. पण एकदम ओतायचं नाही."

ते काम माझ्याकडे आलं. पिवळी पानं काही हिरवी झाली नाहीत, एकेक करून गळाली. नुसत्या काड्या राहिल्या. मग एका सकाळी मधल्या काडीच्या टोकाला सुरळी दिसली. पुढे ती उकलली आणि जोडीने दोन पानं बाहेर आली, कोवळ्या मेथीसारखी हिरवीगार. मी असा ओरडलो की सूनबाई तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आली.

ओटीतल्या नारळाच्या वड्या तेव्हाच करून खाल्ल्या होत्या. संक्रांतीला सूनबाईने तो खण शिवून अंगात घातला. ओटी घरातच राहिली.

आता रोज आधी तुळस, मग पानं, मग मापाने मॅग्नेशियम. मी ओतताना म्हणतो, "घे, पोटभर जेव."

आतून आवाज येतो, "बाबा, मोजून! मेथीचा वाफा नाही तो!"