जुन्या गाडीचा आवाज

जुन्या मोटारसायकलीवर मी अख्खं कोकण पालथं घातलं होतं. दुष्काळात दूध सोसायटी बंद पडली, तेव्हा तिलाच दुधाच्या किटल्या अडकवून मी चारा छावणीत पाणी न्यायला लागलो. तिचा फटफटाट ऐकला की छावणीतली आमची म्हैस उठून हंबरायची.

मग पगारातून हौसेनं लांबच्या प्रवासाची नवी गाडी घेतली. मेलीला धड आवाज नव्हता, आणि तिच्या ऐटबाज पेट्यांत किटली काही शिरेना. शेवटी बाटल्या भरून छावणीत गेलो. म्हैस पडूनच होती.

मी वैतागून वडलांना म्हणालो, "हिला नव्या गाडीचा आवाज वळखू येत न्हाई."

वडील तिच्या गळ्यातलं दावं सोडत होते. म्हणाले, "जुनी आणली असतीस तरी आता ती उठत न्हाई."