पंख्याआडचा सूर

हर्सूलच्या करुणानं दहा वर्षांत किती खराब रेकॉर्डिंग साफ केली, तिलाच ठाऊक. आज मात्र तिचे पाय जमिनीवर ठरेनात. सत्तरीतल्या धोंडिबामामांनी मोबाईलवर रेकॉर्ड केलेल्या गाण्यातली पंख्याची घरघर तिनं अशी काढली, की मामांचा श्वाससुद्धा ऐकू येऊ लागला.

"मामा, ऐका तर!"

हेडफोन लावून मामा डोलू लागले आणि एकदम थांबले. दुसऱ्या कडव्यात त्यांचा सूर चांगलाच घसरला होता. घरघरीत तो आजवर झाकला गेला होता.

"पोरी, तो पंखा परत आण!"

"नाय आणणार." करुणानं हसत खोलीतला पंखाही बंद केला आणि माईक त्यांच्यापुढं सरकवला.

मामांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला.

"व्हय, लाव! आता श्वाससुद्धा सुरात घेतो."