बिब्बा लावलेला गुडघा

काचेची सिरिंज उकळून तयार होती. औषधाची बाटली टेबलावर होती. मी हात धुऊन आले आणि हौसाबाईंच्या उजव्या गुडघ्यावरचं फडकं काढलं. गुडघ्यावर रुपयाएवढे दोन फोड होते. एक फुटून त्यातून पाणी येत होतं. भोवतीची कातडी काळी पडलेली, वर हळद माखलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"बिब्बा," हौसाबाई समाधानानं म्हणाल्या. "परवाच लावला. आता द्या सुई."

बिब्बा तुम्ही पाहिला नसेल. ती एक काळी बी असते. तिचं तेल कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. दुखणं त्या वाटेनं बाहेर पडतं, असा गावोगावी समज होता.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा मी सांगलीत हाडांच्या एका खाजगी हॉस्पिटलात असिस्टंट डॉक्टर होते. हौसाबाई साठीच्या पुढच्या. त्यांचं गाव मेढ्याच्या वरच्या डोंगरात. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा फौजेत. गुडघे फार दुखायला लागले म्हणून त्या पलूसला शालनकडे, म्हणजे लेकीकडे, येऊन राहिल्या होत्या. चार महिने झाले होते. मुलानं पत्र पाठवलं होतं : मी सुट्टीवर येतो, घर बंद करतो, आईनं आता शालनकडेच राहावं. हौसाबाईंना ते मान्य नव्हतं. सुई घ्यायची, मुलगा यायच्या आत चालायला लागायचं आणि आपल्या घरी जायचं, एवढा एकच विचार डोक्यात घेऊन त्या दहा दिवसांपूर्वी आमच्या ओपीडीत आल्या होत्या.

एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांची झीज दिसत होती. सांध्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत गादी असते, ती झिजते आणि सांधा सुजतो. आम्ही सांध्यात जे इंजेक्शन देत असू ते स्टिरॉइडचं. त्यानं सूज उतरते, दुखणं काही आठवडे, कधी काही महिने कमी होतं. झिजलेली गादी काही परत येत नाही. शिवाय सुईबरोबर जंतू आत गेले तर सांध्यात पू होतो आणि आयुष्यभराचं नुकसान होतं. म्हणून मी घाई केली नाही. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हटलं, "आधी बाकीचे सगळे उपाय करून पाहा. त्यानं भागलं नाही तर दहा दिवसांनी इंजेक्शन देऊ."

माझ्या मनात होतं ते गोळ्या, गरम पाण्याचा शेक आणि हातात काठी.

"तुमीच म्हनला न्हवं, समदे उपाय करून या," हौसाबाई आता मला समजावत होत्या. "पाल्याचा लेप झाला. वाळूचा शेक झाला. जळवा लावल्या. बिब्बा तेवढा ऱ्हायला हुता, त्योबी केला."

"मी नगं म्हनत हुते," शालन म्हणाली. "ऐकती व्हय ही? म्हनली, डाक्टरीण परीक्षा घेतीया, एकबी पेपर चुकवायचा न्हाई."

मी आमच्या सरांकडे गेले. हॉस्पिटल त्यांचं होतं.

"बाहेरच्या बाजूनं द्या," ते म्हणाले. "तिथली कातडी चांगली असेल. बाई एवढ्या लांबून एसटीनं आल्यात."

"सर, तिथून दोन बोटांच्या अंतरावर फोड फुटलाय."

"स्पिरिट आहे ना?"

"तुमच्या आईचा गुडघा असता तर दिलं असतं?"

ते उठले, येऊन गुडघा पाहून गेले. जाताना हळूच म्हणाले, "नका देऊ. पण हे त्यांना तुम्हीच सांगायचं, मॅडम."

मी सांगितलं. हौसाबाई आधी भडकल्या. मग पदर तोंडाला लावला. "चार म्हैनं जावयाच्या दारात खातीया मी. तुमाला काय त्याचं? पोरगं येतंय. मी अशीच बसल्याली दिसले तर घराला कुलूप घालून जाईल त्यो."

मी स्टूल ओढून बसले आणि जे पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं ते विचारलं. "घरी नेमकं काय जमत नाही? चढ चढवत नाही?"

"चढ चढती की, दमादमानं. पानीबी दाराशी हाय. चुलीपुढं बसलं की उठता येत न्हाई. एकदा सांज हुस्तवर तशीच बसून ऱ्हायले. तवाच शालन घिऊन आली मला."

म्हणजे अडचण चालण्याची नव्हतीच. जमिनीवर बसून उठण्याची होती.

जखमेवर ड्रेसिंग सुरू केलं. त्याबरोबर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिला, कारण गुडघ्याचा भार ते स्नायू पेलतात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, खाली दाबायची, पाच अंक मोजून सोडायची. हौसाबाईंना तो व्यायाम वाटेचना. "ना घाम, ना काय. ह्यो कसला उपाय?" पण परीक्षेतला पेपर म्हणून त्यांनी तोही रोज केला.

पाच आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा बरोबर मुलगा होता, तानाजी. फौजेत नाईकाच्या हुद्द्यावर होता. फोडांच्या जागी काळा डाग राहिला होता, कातडी धड झाली होती. खुर्चीवरून त्या हाताचा आधार न घेता उठल्या. उजवा गुडघा अजून सुजलेला होता, म्हणून त्यात इंजेक्शन दिलं. डाव्यात दिलं नाही.

तानाजी ताठ उभा राहून म्हणाला, "मॅडम, खरं सांगा. आईला एकटं ठेवू का नको?"

"चुलीचा ओटा कमरेएवढा उंच बांधता येईल?"

"हुब्यानं सैपाक?" हौसाबाई म्हणाल्या. "गाव हासंल मला."

"आमच्या मेसमदी कूक हुब्यानंच करतोय की, आई."

"मग मेसवानीच चव लागंल."

पण घराला कुलूप लागलं नाही. तानाजीनं सुट्टीतच ओटा बांधला आणि आईला घरी ठेवून तो ड्यूटीवर गेला.

तीन-साडेतीन महिन्यांनी हौसाबाई पलूसला नातवाच्या बारशाला आल्या होत्या, तेव्हा हॉस्पिटलात डोकावल्या. इंजेक्शनचा गुण अडीच महिने राहिला होता. आता उजवा गुडघा पुन्हा डाव्याइतकाच दुखत होता. मी म्हटलं, दुसरं देता येईल.

"नगं," त्या म्हणाल्या. "सैपाक हुतोय, घरात हाय. लईच झालं तर यीन. आन् मॅडम, शेजारच्या दोघींनीबी वटा बांदलाय. त्यांचं गुडघं बरं हायत, तरीबी."

त्यानंतर पेशंटला उपाय सांगताना मी एकेका उपायाचं नाव घेऊन सांगत असे आणि काय करायचं नाही तेही सांगत असे. आणखी एक केलं. केसपेपरवर 'तक्रार' या रकान्याखाली हातानं एक ओळ वाढवली : घरी काय करता यायला हवं? सरांनी ती पाहून विचारलं, "हा काय हाडांच्या डॉक्टरनं विचारायचा प्रश्न आहे?" मी म्हटलं, नाही. पण त्याचं उत्तर एक्स-रेमध्ये दिसत नाही, आणि इंजेक्शन द्यायचं की नाही हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं.